बादूच्या गाडीची दुखणी

बादू वारला त्याच्या आठव्या दिवशी त्याच्या भाच्याने गाडीची किल्ली मागितली आणि सेरवाने ती देऊन टाकली.

आम्ही सगळ्या तिथेच होतो. अंगणात भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला बादूचं कुळ, समोर सेरवाच्या माहेरची चार माणसं, सगळे सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत. कुळाचे थोरले, नाना डोंकोर, यांनी पितरांसाठी जमिनीवर दारूची धार धरली, बाटलीला बूच लावलं आणि म्हणाले, "आमच्या लेकराने मागे काय ठेवलं ते आता चारचौघांत समोर यावं."

काय ठेवलं होतं? दोन खोल्या भाड्याच्या. एक पलंग, एक टीव्ही. आणि दाराबाहेर उभी असलेली डिझेल व्हॅन, अठरा माणसं बसणारी, तिच्या पोटावर जर्मनीतल्या कुठल्याशा बेकरीचं नाव अजून रंगाखालून दिसत होतं.

"दफनाचा खर्च डोक्यावर आहे," नाना म्हणाले. "गाडी फिरली तर त्यातून निघेल. क्वार्तेंगकडे परवाना आहे."

क्वार्तेंग म्हणजे बादूच्या बहिणीचा मुलगा. कुमासी शहरात मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकायचा. तो उठला नाही, बसल्या जागेवरून हात पुढे केला. आमच्याकडे मामाचं ते भाच्याचं. आता कायदा बायकोला वाटा देतो, हे मला माहीत होतं, सेरवालाही माहीत होतं, आणि नाना डोंकोरांना तर आमच्या दोघींपेक्षा जास्त माहीत होतं. मी तिच्या शेजारी बसले होते. कपड्याआडून मी तिच्या मांडीला चांगला चिमटा काढला. तिला तो लागल्याचं दिसलं नाही. तिने कमरेची गाठ सोडली, किल्ली काढली, क्वार्तेंगच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा गाठ मारली. गाठीत आता काहीच नव्हतं, तरी मारली.

मी फोसुआ. मॅम्पॉन्गच्या बाजाराच्या वरच्या अंगाला आमचं मोठं अंगण आहे, चारी बाजूंनी खोल्या, मधे नळ. माझी खोली सेरवाच्या खोलीसमोर. एकोणीस वर्षं मी तिथे शिवणयंत्र चालवते, म्हणजे एकोणीस वर्षं मी तिच्याकडे तोंड करून बसले आहे.

सेरवा रस्त्याच्या कडेला चवळीची उसळ आणि तळलेली केळी विकते. बादूशी तिचं लग्न झालं तेव्हा तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आठव्या वर्षी त्याने ही व्हॅन घेतली. टेमा बंदरातून आणली तेव्हाच ती म्हातारी होती. बादू म्हणायचा, "गोऱ्यांनी हिच्यात पाव फिरवले, मी माणसं फिरवतो. पाव तक्रार करत नव्हते एवढाच फरक." मॅम्पॉन्ग ते कुमासी, रोज तीन फेऱ्या, सोळा वर्षं. मागच्या काचेवर त्याने पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: लोक बोलतातच.

त्यांना एक मुलगी, पोकुआ. ती ताकोराडीला लग्न होऊन गेली. बाकी दोघंच. संध्याकाळी तो नळावर हातपाय धुवायचा, तिच्यासमोर बाकावर बसून जेवायचा आणि बोलायचा. मला समोरून सगळं ऐकू यायचं. गाडीशिवाय दुसरा विषय नसे. आज क्लच घसरला. आज डायनॅमो बेल्ट तुटला, एका बाईच्या लुगड्याची पट्टी बांधून आणली. आज फिल्टरमध्ये पाणी निघालं, त्या पंपावर परत डिझेल भरायचं नाही. सेरवा केळी सोलत "हं" म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, बिचारीच्या कानावरून जात असेल सगळं.

तो गेला तो मंगळवार होता. दुसऱ्या फेरीनंतर दुपारी घरी आला, जे तो कधी करत नसे. डोकं दुखतंय म्हणाला आणि बाकावर आडवा झाला. ती केळी तळत होती. एक घाणा काढून दुसरा टाकला आणि त्याच्याकडे वळली, तर त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्ही त्याच्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं, समोरच्या पत्र्याच्या दुकानवाल्याने चालवली. संध्याकाळपर्यंत संपलं.

सेरवा रडली नाही. त्या दिवशी नाही, प्रेत शवागारात ठेवलं तेव्हा नाही, पोकुआ येऊन गळ्यात पडली तेव्हाही नाही. पोकुआच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जशी आपण दुसऱ्याच्या मुलीला थोपटतो. बायका बोलायला लागल्या. नवरा गेला आणि ही चवळीतले खडे निवडतेय. एकीने मला विचारलं, "भांडण होतं का गं त्यांचं?" मी म्हटलं, "होतं. गाडीवरून. ती म्हणायची चांगली आहे, तो म्हणायचा फार चांगली आहे."

किल्ली दिल्याच्या दुसऱ्या सकाळी क्वार्तेंग सहाला हजर झाला. नवा टी-शर्ट, गळ्यात टॉवेल, अगदी ड्रायव्हर. गाडीत बसला, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन काही उठेना. पुन्हा. पुन्हा. बॅटरीचा आवाज बारीक होत गेला. अंगणातली सगळी दारं उघडली आणि बघ्यांची गर्दी झाली.

तो आत आला. सेरवा चुलीपाशी उकिडवी बसली होती.

"मामी, ही सुरू होत नाही."

सेरवाने वर पाहिलं नाही. "चारातले तीन हीटर प्लग जळलेत," ती म्हणाली. "एकावर चालते. किल्ली अर्धी फिरव आणि वीस मोज. सोड. परत अर्धी फिरव, परत वीस मोज. मग पूर्ण फिरव. अ‍ॅक्सिलरेटर आधीपासून दाबून ठेव, अर्धा. उठली की पांढरा धूर येईल, घाबरू नको, दोन मिनिटांत जातो."

क्वार्तेंग बघत राहिला. मीही.

"बॅटरी उतरवलीस तू," ती म्हणाली. "आता धक्का मारावा लागेल. उताराकडे तोंड करून उभी करायची असते. म्हणून बादू तशीच लावायचा."

चौघांनी धक्का मारला. गाडी उठली, पांढरा धूर आला, दोन मिनिटांत गेला. गाडी निघून गेल्यावर मी पलीकडे गेले.

"तुला हे कसं माहीत?"

"सोळा वर्षं जेवताना दुसरं काय बोलला तो?"

"मग कशाला सांगितलंस? बसू दे की त्याला किल्ली फिरवत."

तिने विचार केला. खरंच केला, मला दिसलं. मग म्हणाली, "त्याने विचारलं ना."

त्यानंतर फोन सुरू झाले. आठवड्यातून दोनदा, तीनदा. कुमासीहून परत येताना आमच्या गावाच्या आधी मोठा चढ लागतो, वळणावळणांचा. तिथे गाडी तापायची. क्वार्तेंगचा फोन आला तेव्हा मागे माणसं ओरडताना ऐकू येत होती.

"मामी, काटा लालवर गेलाय. पाणी तर भरलेलं आहे."

"आत गरम हवा सोडायचा पंखा आहे ना, थंडीच्या देशातला. तो पूर्ण चालू कर. इंजिनाची गरमी आत येते, काटा खाली येतो. खिडक्या उघडायला सांग लोकांना."

"लोक मला मारतील."

"बादू म्हणायचा, नरक कसा असतो ते फुकटात बघा, परतीचं तिकीट माझ्याकडे आहे. तू पण काहीतरी म्हण."

ती हे विनोद म्हणून सांगत नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवावं तसं सांगत होती. ब्रेकचं मात्र तिने न विचारता सांगितलं. एका सकाळी माझ्या मशीनपाशी आली आणि म्हणाली, माझ्या फोनमध्ये पैसे नाहीत, तुझ्यावरून त्याला लाव. मी लावला.

"क्वार्तेंग, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. तेल गळतं. आज पहिल्या फेरीला चढ उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतर, प्रत्येक वळणाआधी पेडल दोनदा मार. कुमासीत पोचलास की आधी रबर बदल. साठ सेडीचं काम आहे. नाही बदललंस तर परतीला माणसं घेऊ नको."

फोन माझ्या हातात देऊन ती केळ्यांकडे गेली. मला राग आला होता, कोणाचा ते नीट सांगता येत नाही. मी तिला समाजकल्याणच्या कचेरीचा पत्ता कागदावर लिहून दिला, तिथली एक बाई अशा बायकांची बाजू घेऊन कुळाशी बोलते. सेरवा म्हणाली, "जाऊ की." कागद घडी करून ठेवला. गेली नाही.

दोन महिन्यांनी शनिवारी दफन झालं, आमच्याकडे तयारीला तेवढे दिवस जातातच. तीन शामियाने, भाड्याचे कर्णे, सगळं रीतसर. माणूस जिवंतपणी ज्या पैशाने दोनदा औषध घेऊ शकला असता त्या पैशात आम्ही त्याला एकदा पुरतो, तसंच. सेरवा विधवेच्या चटईवर बसली. बायकांनी तिच्या डोळ्यांत कांदा पिळायचं तेवढं बाकी ठेवलं. ती वेळेवर उठली, वेळेवर बसली, सांगितलं तेव्हा शवपेटीभोवती तीन फेऱ्या घातल्या. परत आल्यावर मी विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "डाव्या पायाला मुंग्या आल्यात."

क्वार्तेंगविषयी वाईटच बोलायचं असं मी ठरवलं होतं, पण तो काही आळशी नव्हता. पहाटे यायचा. चार नवे हीटर प्लग घातले, पुढचे दोन टायर बदलले, क्लच प्लेट टाकली. ती क्लच प्लेटच सातशे सेडीची. ते पैसे त्याने कव्हरांच्या दुकानातून काढले, आणि एक दिवस मला कळलं की दुकान त्याने दुसऱ्याला दिलं. हळूहळू त्याचे टी-शर्ट बादूच्यासारखे झाले, पोटावर ऑइलचे डाग. मामीसाठी संध्याकाळी पाव आणायला लागला. ती तो घ्यायची, आम्हा सगळ्यांत वाटून टाकायची.

तिसऱ्या महिन्यात चढावर, शेवटच्या वळणाच्या आधी, गाडीतून फटकन आवाज आला आणि वाफेचा ढग उठला. इंजिन बंद पडलं ते पडलंच. माणसं उतरून चालत गावात आली, त्यांच्याकडूनच आम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी ट्रकला बांधून क्वार्तेंगने ती ओढत नेली, कुमासीतल्या सुआमेला, जिथे सगळे फिटर बसतात.

त्या संध्याकाळी सेरवा भांडी घासत होती. मी सहज म्हटलं, "हेड गेलं म्हणतात."

"हं. हेडचं गॅस्केट आधीपासून गेलं होतं. सकाळी रेडिएटरचं झाकण काढलं की चहासारखे बुडबुडे यायचे. बादू म्हणत होता, सुरणाचा हंगाम संपला की इंजिन खोलायचं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग त्याला सांगितलं नाहीस?"

"त्याने ते विचारलं नाही."

"ब्रेकचं कुठे विचारलं होतं?"

"ब्रेकने माणसं मरतात," ती म्हणाली. पातेलं पालथं घातलं. "मी मुद्दाम नाही केलं, फोसुआ. मुद्दाम करायला काहीतरी वाटावं लागतं. सांगावंसं वाटलं नाही. न सांगावंसंही वाटलं नाही. ते बुडबुडे आठवायचे, मग जायचे."

मी तिला म्हणणार होते की बरं केलंस. पण तिचा चेहरा बघून ते शब्द चुकीचे वाटले.

चार दिवसांनी क्वार्तेंगचा फोन आला. फिटर त्याला लुबाडतोय, त्याने सांगितलं. मामी तुम्ही या, तुम्हाला तो ओळखतो, तुम्ही बोललात तर भाव कमी करेल. सेरवाने केळी शेजारणीवर सोपवली, काळं कापड गुंडाळलं आणि निघाली. मी मशीन झाकून तिच्याबरोबर गेले. तिला एकटीला पाठवायला मला भीती वाटत होती. ती कुठेही जाऊन बसून राहिली असती.

सुआमेला पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, जगातल्या सगळ्या गाड्या इथे मरायला आल्यात. मैलोन्मैल टपऱ्या, काळी माती, तेलाचे ओहोळ, प्रत्येक जण काहीतरी ठोकतोय. सेरवा सरळ चालत गेली. ती याआधी एकदाच आली होती, बारा वर्षांपूर्वी, पण बादूच्या बोलण्यातून तिला रस्ता पाठ होता. टायरवाल्यांच्या पुढे डावीकडे, पंपवाल्यापाशी उजवीकडे, मशिदीच्या मागे अलहसन.

अलहसन उत्तरेकडचा, उंच, पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. सेरवाला बघून त्याने पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि थोडा वाकला.

"वहिनी. दफनाला येणार होतो. इथून निघणं झालं नाही. अल्ला त्याला जागा देवो."

"बरं," सेरवा म्हणाली.

क्वार्तेंग एका उलट्या डब्यावर बसला होता. चार दिवसांची दाढी. "सांग यांना," तो अलहसनला म्हणाला. "मला सांगितलेलं सगळं यांना सांग."

गाडी तिथेच उभी होती, पुढून उघडलेली. हेड काढून फळीवर ठेवलं होतं. अलहसनने तिला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवत गेला, जसा डॉक्टर नातेवाइकाला दाखवतो.

"हे गॅस्केट जळलं, ते दोनशेचं. ती काही मोठी गोष्ट नाही. हेड वाकलंय, सपाट करून घ्यायला अडीचशे. पण इथे बघा, ही केसासारखी रेघ. तडा आहे. सपाट करून उपयोग नाही, दुसरं जुनं हेड लागेल, बाराशे. ते बसवलं तरी खाली रिंगा संपल्यात, निळा धूर येत होता ना? ऑइल पिते. रिंगा, बेअरिंगं सगळं धरून इंजिन बांधायचं तर साडेचार हजार. डिझेल पंपातून हवा खेचते, त्याचे आठशे वेगळे. नाहीतर बाहेरून आलेलं वापरलेलं इंजिन टाका, साडेसात हजार. ते सहा महिने चालेल की सहा वर्षं, मी शपथ घेणार नाही."

"बघितलंत?" क्वार्तेंग म्हणाला. "गाडीची किंमत पाच हजार नाही आणि हा साडेसात सांगतो."

"मी गाडीची किंमत सांगत नाहीये रे," अलहसन म्हणाला. "मी तिला काय झालंय ते सांगतोय. हेच तुझ्या मामालाही सांगितलं होतं. फेब्रुवारीत. म्हटलं, बादू, आता थांबव हिला. तर म्हणाला, बघू, आधी कोण थांबतंय."

सेरवाने मान वर केली. "फेब्रुवारीत आला होता तो इथे?"

"फेब्रुवारीपासून दर आठवड्याला यायचा, वहिनी. गाडीचं काम असो नसो. दुपारच्या वेळी. त्या तिथे, मधल्या बाकावर झोपायचा तासभर. डोकं फुटतं म्हणायचा. मी म्हटलं, जा दवाखान्यात, रक्ताचा दाब बघून घे. म्हणाला, जातो. डोळ्यापुढे काळं येतं, म्हणायचा, मग थोडं पडलं की जातं. मी त्याला ओला फडका द्यायचो." त्याने पाना उचलला. "तुम्हाला माहीत असेलच."

मी सेरवाकडे पाहिलं. तिचा चेहरा तसाच होता.

"कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"काय?"

"डोकं. कुठल्या बाजूला दुखायचं?"

अलहसनने आठवलं. डावा हात वर नेला, मग बदलून उजवा कानामागे ठेवला. "इथे."

सेरवाने मान हलवली. मग ती गाडीच्या मागच्या दाराने आत चढली आणि मधल्या बाकावर बसली. आम्ही तिघं बाहेर. शेजारच्या टपरीत पत्रा ठोकत होते. पाऊण तासाने ती खाली उतरली आणि क्वार्तेंगला म्हणाली, "तो लुबाडत नाहीये. खरं सांगतोय." आणि मला म्हणाली, "चल, केळी तळायची आहेत."

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर नाना डोंकोर दोन म्हाताऱ्यांना घेऊन अंगणात आले, बरोबर क्वार्तेंग. या वेळी धार धरायला दारू आणली नव्हती. बाटलीबंद पाणी आणलं होतं. खुर्च्या आमच्याच घरातल्या दिल्या.

"कुळाने विचार केला," नाना म्हणाले. "कायदा बघितला. नवऱ्याने घाम गाळला तर बायकोनेही केळी तळली. गाडी सेरवाची आहे. आम्ही ती तिला देत आहोत. कुणाची तक्रार नसावी."

मला हसू आवरेना. "नाना," मी म्हटलं, "तीन महिन्यांपूर्वी कायद्याला चष्मा नव्हता का?"

"फोसुआ, तू शिवण शिव."

"शिवतेच आहे. फाटलेलं परत आणून दिलं की ते शिवायचं माझ्याकडेच येतं."

एका म्हाताऱ्याने खोकल्यात हसू लपवलं. नाना शांत राहिले, त्यांना अशा गोष्टींची सवय होती. क्वार्तेंग मात्र खाली बघत होता. त्याने किल्ली आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केले, जसं मोठ्यांना द्यायचं तसं.

"मामी, मला वाटलं होतं गाडी म्हणजे पैसा," तो म्हणाला.

"त्यालाही वाटलं होतं," सेरवा म्हणाली आणि किल्ली घेतली. पहिल्या वेळी जशी दिली होती तशीच. नाना उठताना तिने त्यांना चवळीची उसळ बांधून दिली. मी तिच्या जागी असते तर उसळीत खडे तसेच ठेवले असते.

गाडीचं काय करायचं यावर सगळ्यांचं मत होतं. पोकुआ ताकोराडीहून म्हणाली, माझा नवरा इंजिनाला थोडे पैसे घालेल, ड्रायव्हर ठेव. पत्र्याच्या दुकानवाला म्हणाला, उभी राहू दे, लोखंडाचा भाव वाढेल. सेरवाने सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांना "हं" म्हणाली. गुरुवारी ती अलहसनकडे गेली आणि म्हणाली, "सुटे भाग करून विका."

तीन गुरुवार ती तिथे जाऊन बसली. मी एकदा बरोबर होते. एजुराच्या एका ड्रायव्हरने गिअरबॉक्स घेतला, तो चांगला होता, सोळाशेला गेला. कुणी दारं नेली, कुणी स्टार्टर, मागची कमानपाट्यांची जोडी कोळशाच्या ट्रॉलीसाठी गेली. अलहसन प्रत्येक गिऱ्हाइकाला काय चांगलं आणि काय वाईट ते सांगत होता आणि कुठे तो विसरला तर सेरवा सांगत होती. "त्या स्टार्टरचा ब्रश दोन वर्षांपूर्वी बदललाय." "ते डावं दार पावसात फुगतं, वरून ठोकावं लागतं." एका गिऱ्हाइकाने अलहसनला विचारलं, ही कोण, तुझी भागीदार का? अलहसन म्हणाला, मालकीण आहे. सेरवाने ऐकलं की नाही कोण जाणे.

शेवटच्या गुरुवारी क्वार्तेंगही आला होता. त्याचं काहीच काम नव्हतं, नुसता आला. सेरवाने अलहसनकडून ते चार हीटर प्लग मागून घेतले आणि फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिले.

"हे तू घातलेले. नवे आहेत."

"मामी, मी यांचं काय करू?"

"विक. चाळीसाला एक घेतलास ना? तिसाला जातील. क्लच प्लेटचे साडेचारशे आलेत, ते पण तुझे. टायरचे अलहसन देईल."

"मला नको."

"मग कोणाला देऊ? मी नाही घातले."

त्याने ते घेतले. जाताना तो मला म्हणाला, "मावशी, यांनी मला एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या." मी म्हटलं, "माझ्याकडे आहेत शिल्लक, हव्यात का?" तो हसला नाही.

उरलेला सांगाडा भंगारवाल्यांनी कापून नेला. अलहसनची मजुरी आणि जागेचं भाडं जाऊन जे उरलं त्यातून सेरवाने शामियानेवाल्याचं राहिलेलं देऊन टाकलं आणि धंद्यासाठी नवी मोठी कढई घेतली. क्वार्तेंग परत कुमासीत दुसऱ्याच्या गाडीवर लागला. ऐकते की बरा ड्रायव्हर झालाय.

वर्ष पुरं व्हायला दहा दिवस राहिले तेव्हा ती माझ्याकडे मापं द्यायला आली. वर्षभराचं काळं उतरवून पांढरं घालायचं असतं, त्या दिवशी चर्चला जायचं असतं, लोकांना जेवू घालायचं असतं. तिने पांढरं कापड आणलं होतं, त्यावर पांढऱ्याच धाग्याची पानं. माझ्या मशीनपाशी हात वर करून उभी राहिली. कमरेत चार इंच कमी भरली.

"काही खात नाहीस तू," मी टाचण्या तोंडात धरून म्हटलं.

"खाते की. चव लागत नाही, पण खाते."

"गळा खोल ठेवू का?"

"कोणाला दाखवायचाय? ठेव नेहमीसारखा."

मी पाठीवर टेप लावला. ती समोर आपल्या चुलीकडे बघत होती. मग म्हणाली, "अलहसनला माहीत होतं."

"काय?"

"त्याच्या डोक्याचं. अलहसनला सांगितलं त्याने. फेब्रुवारीपासून. मला नाही." टेपखाली तिची पाठ ताठ झाली. "फिल्टरमध्ये पाणी आलं ते सांगितलं. बेल्ट कुठल्या बाईच्या लुगड्याने बांधला, तिचं नाव काय, ते सांगितलं. एक शब्द नाही बोलला मेला. मी समोर बसले होते ना? रोज समोर बसले होते. माझे काय कान विकले होते मी?"

तिचा आवाज चढला होता. अंगणातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. वर्षभरात कोणी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"दवाखान्यात ओढत नेलं असतं मी," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं मी नेलं असतं. म्हणून बोलला नाही. दोन दिवस गाडी उभी राहिली असती ना. मूर्ख माणूस. आडमुठा, मूर्ख माणूस."

मी टेप गुंडाळला. ती हात वर धरून उभीच होती, डोळे कोरडेच.

"हात खाली घे," मी शेवटी टाचण्या काढून म्हटलं. "झालं माप."

तिने हात खाली घेतले. कपाळ पुसलं. मग माझ्या स्टुलावर बसली आणि विचारलं, ब्लाऊजची शिलाई किती घेशील. मी सांगितली. ती म्हणाली जास्त आहे, आणि आम्ही बराच वेळ त्यावर वाद घातला.